सरकीचा ताप

आमच्या जिनातल्या सरकीच्या गोदामात एक भुरं मांजर झोपायचं. हिवाळ्यात मांजर ऊब शोधतं, त्यात नवल काय? पण हे मांजर चुलीपाशी यायचं नाही, ओसरीवरच्या उन्हातही बसायचं नाही. गोदामाच्या आत, जिथे दिवसाही अंधार असायचा, तिथे सरकीच्या ढिगावर त्याने एक ठरलेली जागा धरली होती. एके सकाळी ते तिथून उठलं, पाय झाडत खाली आलं आणि पुन्हा त्या ढिगावर चढलं नाही. त्या दिवसापासून मला गोदामात एकटीनं जायला नको वाटू लागलं. आणि मी तर स्वतःला मोठी शास्त्र शिकलेली समजत होते.

माझं माहेर सौसरचं. वडील तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचे. देवांच्या शेजारच्या कोनाड्यात त्यांचा थर्मामीटर असायचा, आणि देवाला पारोशानं शिवल्यापेक्षा थर्मामीटरला हात लावल्यावर जास्त बोलणी बसायची. नागपूरला राहून मी इंटर सायन्स झाले आणि लग्न होऊन पांढुर्ण्याच्या जिनवाल्यांकडे आले. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "शिकलेली आहे, पण भाकरी बऱ्या करते." मला राग यायचा. माझ्या भाकरी बऱ्या नव्हत्या, चांगल्या होत्या.

जिनाचं काम सरळ. बैलबंड्यांतून कापूस येतो, यंत्रातून रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. रुईच्या गाठी लगेच निघून जायच्या. सरकी मात्र तेलाच्या घाण्यांना आणि ढोरांच्या चाऱ्याला जाईपर्यंत गोदामात पडून राहायची, आढ्याला टेकेल एवढा ढीग. ओली सरकी आतून तापते हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरून हात लावा, गार. आत काय चाललंय ते कळत नाही.

त्या हंगामात आमच्या सरकीच्या पोत्यांचा एक डबा पांढुर्ण्याहून निघाला आणि पुढच्याच तिगाव स्टेशनात भरदुपारी धुमसायला लागला. कोणी काडी ओढली नव्हती, इंजिनही लांब होतं. रेल्वेवाल्यांनी डबा गाडीपासून सोडवून बाजूच्या रुळावर लोटला. दार उघडलं तेव्हा वरची पोती जशीच्या तशी, आणि मधली पोती काळी. जाळ कोणी पाहिलाच नाही. तिथला पोर्टर सांगत होता म्हणे, की आतून कोणी तरी श्वास टाकल्यासारखी गरम हवा आली आणि त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. रेल्वेनं आम्हाला बजावलं, माल थंड आहे हे दाखवा, मगच पुढचा डबा मिळेल.

पण दाखवायचं कोणाला? राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी होती. आता नागपूर परराज्यात गेलं आणि आमच्या वाट्याला भोपाळ आलं. नागपूरचे तपासनीस साहेब म्हणाले, तुमचं गाव आता आमच्यात येत नाही. नवे साहेब कुठे बसणार हे कोणालाच माहीत नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून करवादायचे, "कापूस नागपूरले, कागद भोपाळले. आन आग लागंन तं आमच्याच घरी!"

शेवटी त्यांनी मुंबईहून आलेले इंग्रजी कॅटलॉग माझ्यासमोर ठेवले. "सूनबाई, तूच पाह्य बरं. ढिगाच्या पोटातलं समजलं पाह्यजे, असं काई तरी निवड." घरातल्या पुरुषांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. मी पदर खोचला आणि बसले.

आमच्याकडची जुनी रीत म्हणजे सळई. लोखंडी सळई ढिगात खुपसायची, थोड्या वेळानं ओढायची आणि मुकादमानं ती मुठीत धरून सांगायचं, गरम की गार. मुकादमाच्या तळहाताला निखाराही कोमट वाटायचा, त्यामुळे सगळे ढीग कायम गारच असायचे. कॅटलॉगात पहिला होता लांब दांड्याचा पाऱ्याचा थर्मामीटर. तो बाहेर ओढून वाचेपर्यंत पारा खाली येणार, आणि आत फुटला तर तो पारा ढोरांच्या पोटात जाणार. तो मी लगेच बाजूला काढला. दुसरा घड्याळासारख्या तबकडीचा होता. दिसायला देखणा, मामाजींच्या मनात भरलेला, पण तो एकाच जागेचं सांगणार. घराएवढ्या ढिगात ताप कुठे येणार हे काय तो आधी कळवून येतो? तिसरं होतं तारांचं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या. ते टोक तापलं की तारेत किंचित वीज उत्पन्न होते आणि पेटीतला काटा हलतो. तारा हव्या तितक्या, पेटी एकच. खटका फिरवत जायचं आणि ढिगाच्या पोटातली एकेक जागा बाहेर बसून वाचायची. मी तेच मागवलं.

पेटी आली तशी मी तिची परीक्षा घेतली. नागपूरच्या गाडीनं सोडावॉटरवाल्याकडे भुशात घालून बर्फ यायचा, त्यात तारा बुडवल्या. उकळत्या पाण्यात बुडवल्या. उन्हात ठेवली तर पेटी स्वतःच तापून थापा मारते हे कळलं, म्हणून तिला गोदामाच्या दाराबाहेर पत्र्याच्या सावलीत जागा दिली. मग सासूबाईंना म्हटलं, हे टोक जरा मुठीत धरा. त्या आधी घाबरल्या, मग धरून बसल्या. काटा चढला आणि एका जागी थांबला. आमच्या मामाजींनी धरलं, मोलकरणीनं धरलं, काटा जवळपास तिथेच. जिवंत माणसाची मूठ. त्या जागी मी पेटीच्या काचेवर कुंकवाची बारीक रेघ ओढली. मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

तारा नुसत्या सरकीत घातल्या तर तुटतील म्हणून ढीग रचतानाच त्यात पोकळ बांबू उभे केले. आतली पेरं फोडून काढली आणि एकेका बांबूतून एकेक तार थेट ढिगाच्या पोटात सोडली. बांबूंची तोंडं वर राहिली. पहिले काही दिवस काटा सगळीकडे समजूतदार होता. फक्त सातव्या तारेवर तो थोडा पुढे यायचा. रामाकोन्याकडच्या काही बंड्या वाटेत अवकाळी पावसात सापडल्या होत्या. त्या ओल्या कापसाची सरकी त्या बाजूला पडली होती. मी मुकादमाला सरकी वाहणाऱ्या बायांच्या देखत सांगितलं, "सातव्या बांबूपाशी लक्ष ठेवा. तिथं अंग जरा गरम आहे."

अंग गरम आहे. माझ्या तोंडून गेलेला तो साधा शब्द होता.

दोन-चार दिवसांत मला जाणवलं की गोदामात काही तरी बदललंय. काय, ते लवकर ध्यानात येईना. मग दिसलं की गोदामाच्या दारात चपलांची रांग आहे. आत सगळे अनवाणी. दाराच्या कडीला कडुलिंबाची डहाळी खोवलेली. बाया जेवायला बसल्या तेव्हा एकीच्याही डब्यातून फोडणीचा वास आला नाही, सगळ्यांचं आळणी, उकडलेलं. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी विचारलं, तर मान खाली घालून एक म्हणाली, "असंच जी." हे सगळं मी आधी पाहिलं होतं, पण गोदामात नव्हे. ज्या घरात लेकराला माता येते, देवीचा ताप चढतो, त्या घरात असं वागतात.

त्याच दुपारी मी सातव्या तारेवर खटका आणला आणि काटा चढत चढत कुंकवाच्या रेघेवर येऊन थांबला. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. ढिगाच्या पोटात, हात पोचणार नाही अशा ठिकाणी, कोणी तरी तारेचं टोक मुठीत धरून बसलंय असंच वाटत होतं. मला भीती वाटली. सरळ सांगते, वाटली.

पुढे काटा रेघ ओलांडून गेला. तापलेल्या माणसाच्या अंगाएवढा झाला, मग त्याहूनही वर. मांजर उठून गेलं ते याच सुमाराला. ढिगाला दोष देण्याआधी मी पेटीवर संशय घेतला, तारा अदलाबदल केल्या. सातव्याची तार आठव्या बांबूत घातली, तिथे ती गार. आठव्याची सातव्यात घातली, तर ती तापली. म्हणजे खोट यंत्रात नव्हती.

आणि मग ते दुपारचं सुरू झालं. मी काट्याकडे पाहत असताना, काहीएक कारण नसताना, तो सर्रकन खाली यायचा. तापलेल्या कपाळावर कोणी गार पाण्याची घडी ठेवावी तसा. मी धावत आत गेले. आत कोणी नव्हतं. सरकीला एक गोडसर, भाजल्यासारखा वास येत होता, आणि ढिगावरून चार दाणे आपोआप घरंगळत खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर काटा काल होता त्याहून वर. दुपारी पुन्हा घसरण, सकाळी पुन्हा चढ. तापाचं अंग असंच वागतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी माझ्या वडिलांची लेक आहे, माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, असं मी स्वतःशी म्हणत होते आणि दाराच्या आत पाय टाकताना माझ्याही नकळत चप्पल काढत होते.

शेवटी मी दुपारी पेटीपाशी न बसता आतच दाराआड उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. थोड्या वेळानं मागच्या खिडकीच्या उजेडात एक बाई ढिगावर चढताना दिसली. मी तिला ओळखत होते. ती सावरगावची, रोज जाम नदी ओलांडून कामाला यायची. आदल्या वर्षी तिची एकुलती एक पोर मातेच्या तापानं गेली होती. तेव्हापासून ती काम करायची, पण कोणाशी बोलायची नाही. ती सातव्या बांबूपाशी पोचली, पदराआडून पितळी लोटा काढला आणि बांबूच्या तोंडातून सावकाश पाणी आत ओतलं. मग बांबूवर हात ठेवून बसली.

इतके दिवस माझी धावती पावलं ऐकून ती ढिगामागे उतरत असणार, म्हणून आत कोणी दिसत नव्हतं. आज मी आतूनच पुढे झाले, तरी ती दचकली नाही. "काय करून राहिली तू?" मी विचारलं.

"जामचं पाणी आणते जी. गार असते." तिनं बांबू सोडला नाही. "तुमीच तं म्हणलं, अंग गरम हाय. आमच्या पोट्टीच्या टायमाले मी कामावर होती. पाणी द्याले घरचं कोणी नोतं. आता मी हाव नं इथं."

बाकीच्या बायांना ते ठाऊक होतं. कोणी तिला वेडी म्हटलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या होत्या.

माझ्या काळजाचं पाणी झालं आणि त्याच वेळी डोक्यात तिडीकही गेली. कारण ओल्या सरकीवर पाणी म्हणजे आगीत तेल. वरून शिंपडलं असतं तर वरच्या वर सुकलं असतं. ती ते माझ्याच बांबूतून थेट पोटात सोडत होती. पाणी पडलं की तारेचं टोक तेवढ्यापुरतं गार व्हायचं, आणि भिजलेली सरकी मग दुप्पट तापायची. तिगावच्या डब्यासारखं झालं असतं तर ढिगाच्या सर्वात जवळ तीच असणार होती.

मी मामाजींना सांगितलं, ढीग आत्ताच फोडा, सरकी अंगणात पसरा. मुकादमानं नकारार्थी मान हलवली. माणसं तयार नव्हती. माता आली असताना अंथरुणाला धक्का लावत नाहीत, ती आपणहून उतरेपर्यंत वाट पाहतात. मामाजीही चाचरले. "दोन रोज थांबू, सूनबाई. उतरंन." ज्यांचा डबा तिगावला जळाला होता, ते हे बोलत होते! मी संतापून म्हणाले, "मामाजी, ही सरकी आहे. हिला ना देव ना माता. ही पेटेल आणि आत बाया असतील." कोणी हललं नाही. मग मला कळलं की यांच्यापैकी कोणाच्याही सांगण्यानं तो ढीग फुटणार नाही, फक्त एकीच्या सांगण्यानं फुटेल.

मी त्या बाईला पेटीसमोर आणून बसवलं. काटा कुठला, रेघ कसली, सगळं समजावलं. दोन्ही बांबू तिला दाखवले: तिचा सातवा, आणि त्याच ओल्या बाजूचा, थोडा कमी तापलेला सहावा, ज्यात तिनं कधी पाणी घातलं नव्हतं. म्हटलं, "आज शेवटचं एकदा सातव्यात घाल. सहाव्याला काही देऊ नको. मग इथं बसून पाहा." तिनं घातलं. काटा घसरला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला पाहवलं नाही. मग आम्ही दोघी बसून राहिलो. ऊन कललं तोवर सातव्याचा काटा हळूहळू वर येऊ लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन पेटीपाशी बसली होती. मी खटका फिरवला. सहावा होता तिथेच. सातवा इतका वर गेला होता की मला आकडा वाचायलाही धीर होईना.

तिनं काचेवर बोट ठेवून रेघेपासून काट्यापर्यंत नेलं. मग म्हणाली, "म्हंजे माह्या पाण्यानंच वाढला."

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. "मंग पोट्टीले... शेजारणीनं कडुलिंबाचं पाणी लावलं होतं, मीच सांगून गेली होती..."

"लेकराचं वेगळं असतं, बाई," मी घाईनं म्हणाले. "सरकी पाण्यानं तापते. लेकराला पाण्यानं गारच वाटतं. तिला गार वाटलं असेल." हे खरं होतं. वडील असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण तिला ते पटलं का, ते मला आजही माहीत नाही.

ती उठली, दारातली टोपली घेतली, आत गेली आणि सातव्या बांबूच्या अंगची सरकी भरून डोक्यावर घेऊन बाहेर आली. अंगणात ओतली. मग दुसरी टोपली. बाया पाहत होत्या. एकीनं डहाळी काढून बाजूला ठेवली, दुसरीनं पदर खोचला आणि मग सगळ्याच आत शिरल्या. मुकादमानं ओली गोणपाटं तयार ठेवायला सांगितली, एवढं मात्र त्यानं बरं केलं.

आत जाऊ तशी सरकी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी लागली. धूर निघू लागला. शेवटचा थर फावड्यानं ओढला आणि बाहेरची हवा आत लागली, तसा एक लाल डाग फुलला. माणसांनी गोणपाटं मारून तो विझवला. मग आम्हाला आतलं दिसलं. बांबूचं टोक जळून कोळसा झालं होतं, आणि त्याच्याभोवती सरकी जळून घट्ट झालेली एक पोकळी होती, काळी, आतून गुळगुळीत, एखादं लेकरू मुटकुळं करून निजावं एवढी. बायांनी आपापल्या पदराचं टोक तोंडाशी नेलं. मी शास्त्र शिकलेय, आतून जळत गेलेल्या ढिगात अशी पोकळी पडते हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी त्या जागेत हात घातला नाही. कोणीच घातला नाही. ती सावरगावची बाई मात्र वाकून खूप वेळ आत पाहत राहिली.

दुपारपर्यंत सगळी सरकी अंगणात उन्हात पसरली होती. वाफ निघत होती, ती थांबली. मी तारा गोळा करत होते. सातव्या बांबूतल्या तारेचं टोक धुरानं काळं झालं होतं, पण तुटलं नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि तिनं हात पुढे केला.

"माह्या हातात द्या बरं ते."

मी तारेचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि पेटीवर खटका सातवर आणला. काटा हलला, सावकाश चढला आणि कुंकवाच्या रेघेवर येऊन थांबला.

"कुठं हाय?" तिनं विचारलं. पेटीची काच माझ्या बाजूला होती, तिला काटा दिसत नव्हता.

"जिथं असावा तिथंच," मी म्हणाले.

"उतरला म्हणा मंग." तिनं डोळे मिटले. जरा वेळानं मूठ उघडून तार हळूच खाली ठेवली, निजलेल्याला ठेवावं तशी, आणि चपला घालून नदीच्या वाटेला लागली. काटा रेघेवरून लगेच हलला नाही. मी खटका बंद केला नाही. तो आपणहून उतरेपर्यंत तिथेच थांबले.